फाल्गुनातील दोन पायवाटा : धार आणि देवास

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजार समितीचे नियम, वस्तू व सेवा कर, साठवणुकीच्या मर्यादा इत्यादी विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येतात. आणि ते यावयासच हवेत. संपादक-मंडळाने या खेपेस मजकडे लेख मागितला, तेव्हा करांविषयी लिहिण्यास माझ्याहून योग्य माणसे संस्थेत पुष्कळ आहेत, ही गोष्ट मी नम्रपणे त्यांच्या नजरेस आणली. "मग आपणांस जे येते ते लिहा", असे उत्तर आले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या दुकानदारास काय येणार? मला धान्य कळते, आणि थोडेफार चालता येते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आमच्या लहानपणी आजच्याहून फार निकटचा होता. यंदाच्या फाल्गुनात धार व देवास येथील बालपणीच्या दोन आवडत्या वाटा मी पुन्हा पायी चालून आलो. त्यांचा हा वृत्तांत आहे.

आमचे आजोबा धारेस धान्याची आडत करीत. गहू पोत्यात पाहणारा तो गुमास्ता आणि गहू उभा पाहणारा तो व्यापारी, अशी त्यांची व्याख्या होती. वसंतपंचमीपासून होळीपर्यंत आठवड्यातून एकदा तरी ते पहाटे गावाबाहेर पडत आणि शिवार पाहून येत. 1968 ते 1972 या काळात, म्हणजे माझ्या आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत, त्यांच्याबरोबर जाण्याचा मान मला मिळाला. इंदूरचे भाव पोस्टकार्डाने वा तारेने येत. परंतु माल किती येणार, केव्हा येणार आणि कोणत्या प्रतीचा येणार, हे सांगणारी तार शेतातच वाचावी लागे. आजोबा एक ओंबी घेत, तळहातावर चोळीत, फुंकर मारून कोंडा उडवीत आणि दाणे मोजीत. मग एक दाणा दाताखाली धरीत. तो कसा फुटतो, मऊ दबतो की कट् असा आवाज करतो, यावरून कापणीस किती दिवस आहेत हे ते सांगत. त्यानंतर जमिनीच्या भेगेत बोट घालून ओल कोठवर आहे ते पाहत. ओंबी घेतली की शेताच्या धन्यास हाक मारून "एक घेतली आहे हो" असे सांगितल्यावाचून ते पुढे जात नसत. न दिलेली वस्तू घ्यावयाची नाही, हा नियम एका ओंबीलाही लागू होता.

जमिनीच्या भेगेतील ओल का पाहावयाची, हे आजच्या तरुण व्यापाऱ्यांस सांगणे अवश्य आहे. मालव्याची काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते. त्या काळी पुष्कळ शेते पावसाळ्यात पडीक ठेवीत, नांगरून-वखरून स्वच्छ राखीत, आणि मुरलेल्या ओलीवर आश्विन-कार्तिकात गहू व हरभरा पेरीत. विहिरीचे पाणी गव्हास क्वचितच मिळे. पीक थोडे येई. पण दाणा कठीण, पिवळसर, काचेसारखा चमकदार असे. हाच आमचा मालवी कठिया गहू. बाट्या-बाफल्यांसाठी आणि रव्यासाठी त्यास दूरदूरची मागणी असे. 1967 च्या सुमारास कल्याणसोना व सोनालिका या बुटक्या जाती आल्या आणि पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचा गहू दुप्पट होऊ लागला. पुढे 1970 नंतरच्या दशकात सोयाबीन आले, आणि पावसाळ्यातील पडीक जमीन हा प्रकारच हळूहळू संपला. सोयाबीनने शेतकऱ्यास रोख पैसा दिला, आम्हा व्यापाऱ्यांसही दिला; त्याविषयी कुरकुर करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पावसाची जी ओल पूर्वी गव्हासाठी राखून ठेवीत ती सोयाबीन पिऊ लागले, आणि गव्हास पाणी खालून, विहिरीतून व मग नलिकाकूपातून काढावे लागले. याचा परिणाम मला पुस्तकात वाचावा लागला नाही. देवासच्या वाटेवर तो मी डोळ्यांनी पाहिला. ते पुढे येईल.

प्रथम धार. धार हे मुळात वाटोळे शहर होय. परमारांच्या काळी गावाभोवती मातीचा प्रचंड तट, त्यास लागून खंदक आणि तळी, अशी रचना होती. उत्तर हिंदुस्थानात अशी वर्तुळाकार तटबंदी विरळाच. जोड शोधावयाची तर तेलंगणातील वरंगळकडे जावे लागते. ईशान्येकडील तट नष्ट झाला आहे, पश्चिमेस व दक्षिणेस तो अद्याप बराचसा दिसतो. लोक त्यास धूळकोट म्हणतात. गावात साडेबारा तळी आहेत अशी जुनी समजूत आहे. त्यातील अर्धे कोणते, हे मला लहानपणी कोणी समाधानकारक सांगितले नाही, आणि आता मीच वडीलधारा झाल्यामुळे विचारावे तरी कोणास!

आमची वाट मुंज राजाचे नाव धारण करणाऱ्या मुंजसागराच्या काठाने निघे, धूळकोटावर चढे, काही अंतर तटाच्या माथ्यावरूनच जाई, मग शेतात उतरून कालिकेच्या टेकडीखालील देवीसागराशी संपे. तटाच्या माथ्यावर मुलाला जी गंमत वाटे ती अशी की, एका हातास संपूर्ण गाव आणि दुसऱ्या हातास संपूर्ण शिवार. एकीकडे धुराडी, देवळांची शिखरे आणि दूर टेकाडावरील तांबूस किल्ला, ज्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला; दुसरीकडे क्षितिजापर्यंत गहू, त्यात मधूनच हरभऱ्याचे गडद चौकोन आणि जवसाच्या निळ्या फुलांचे पट्टे. माघात हरभऱ्यातून चालले की पानांवरील आंबट दव, ज्यास आपण आंब म्हणतो, विजारीस लागे आणि धुतल्यावर कापड जागोजाग विरलेले आढळे. आईचा या सहलींवर आक्षेप होता तो एवढ्यापुरताच. गावकरी स्त्रिया रात्री हरभऱ्यावर पातळ फडके पसरून पहाटे ती आंब पिळून घेत; पोटदुखीवर ते घरगुती औषध होते.

फाल्गुन लागला की रंग पालटे. बांधावरील पळस पाने टाकून केशरी होत, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा पडे, आंब्याच्या मोहराचा वास तटापर्यंत येई. मांडूच्या रस्त्याकडील गोरखचिंचा मात्र या दिवसांत अगदी उघड्या असत; जाड बुंधा आणि वर आखूड फांद्या. त्या पाऊस जवळ आला की पालवतात. आजोबा म्हणत, ही झाडे आपल्या पंचांगाने चालत नाहीत.

यंदा मी एकटा गेलो. मुंजसागरात पाणी होते. धूळकोटाचा चढ, जो मला पर्वतासारखा आठवत होता, वीस-पंचवीस पावलांतच सरला, याचे मला हसू आले. माथ्यावरील वाट काही ठिकाणी बाभळींनी बुजली आहे, काही ठिकाणी माती कापून नेल्याने तुटली आहे. हजारांहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या तटाची माती भरावासाठी ट्रॉलीने वाहून न्यावी, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो हे मला कळत नाही. माती फुकट मिळाली तरी ती स्वस्त नव्हे. पण जेथे वाट आहे तेथे ती जशीच्या तशी आहे. एका हातास गाव, दुसऱ्या हातास शिवार. गाव फुगले आहे, शिवार दूर सरले आहे, एवढेच. जवस कोठे दिसला नाही. गव्हाची ताटे कमरेच्या खालीच राहतात; पूर्वीचा कठिया माझ्या तेव्हाच्या डोक्याबरोबर असे. दाणा मी चावून पाहिला, अर्थात विचारून. कठियाच होता, परंतु नव्या जातीचा. इंदूर येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गव्हाचे केंद्र 1951 पासून आहे, आणि 'मालवशक्ती'सारखे कठिया वाण तेथूनच निघाले. जुन्या गव्हाची चमक त्यात आहे आणि उत्पन्न कितीतरी अधिक आहे. जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आजोबांच्या या सहलींस एक मर्यादा असे. श्रावकाच्या व्रतांत दिशांची मर्यादा घालण्याचे दिग्व्रत आहे, आणि दिवसापुरती ती आणखी आखडून घेणारे देशावकाशिक आहे, हे वाचकांस सांगणे नको. आजोबा घरातून निघताना "आज कालिकेच्या टेकडीपलीकडे जाणार नाही" असे म्हणून निघत, आणि टेकडीपलीकडे पळस कितीही फुललेला असो, तेथूनच परत फिरत. मला त्याचा फार राग येई. आता असे वाटते की मर्यादा असल्यामुळेच ते त्या तीन-चार मैलांत प्रत्येक झाड ओळखत होते. नियम मोडून पलीकडे गेलो ते फक्त साधू-साध्वींच्या विहाराच्या वेळी. चातुर्मास संपल्यावर आठ महिने त्यांचा पायी विहार चाले, आणि फाल्गुनात मांडूकडे निघालेल्या संघास पोचवावयास गावातील मंडळी बरोबर जात. त्या दिवशी मर्यादा आधीच वाढवून घेतलेली असे. वाट शेतांतून, पायवाटांनीच जाई; अनवाणी चालणाऱ्यास डांबरी रस्त्याहून ती सुखाची. याच मार्गावर नालछा लागते, जेथे तेराव्या शतकात पंडित आशाधर राहत होते. ते मूळ मांडलगडचे. आक्रमणाच्या भयाने धारेस आले आणि पुढे नालछ्यास स्थायिक झाले. 'सागारधर्मामृत' हा त्यांचा श्रावकाचारावरील ग्रंथ तेथील नेमिनाथ चैत्यालयात रचला गेला. दिशांच्या मर्यादेचे विवेचन करणारा ग्रंथ आमच्या चालण्याच्या वाटेच्या टोकाशी लिहिला गेला असावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

आज विहार हमरस्त्याने होतो, कारण आतल्या वाटा सलग राहिलेल्या नाहीत. पहाटेच्या अंधारात, मालमोटारींच्या प्रकाशात, रस्त्याच्या कडेने चालणारे साधू-साध्वी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत, आणि त्यांच्या अपघातांच्या बातम्याही वाचलेल्या आहेत. मी पायवाटांविषयी लिहितो आहे तो केवळ फुलापाखरांच्या हौसेने नव्हे.

देवास हे आमचे आजोळ. होळीच्या सुटीत इंदूरवरून मोटारीने तेथे जावयाचे, रंगपंचमी करून परतावयाचे, असा क्रम असे. देवासची कथा वाचकांस ठाऊक असेलच: एकच गाव, परंतु पवार घराण्यातील दोन भावांच्या वंशांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. 1948 साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून 1921 साली काही महिने राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने पुढे 1953 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यास त्याने गावातील देवीच्या टेकडीचेच नाव दिले. टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा, मोठी माता व लहान माता, अशी दोन ठाणी आहेत.

आमची वाट टेकडीच्या पायथ्याने जाई. तेथेच कुमार गंधर्वांचे घर. क्षयाच्या दुखण्यात हवा मानवेल म्हणून ते 1948 च्या जानेवारीत देवासला आले आणि 1992 साली निधन होईपर्यंत देवासचेच राहिले. आजारात अंथरुणावर पडून असताना कानी पडणारी मालवी लोकगीते त्यांनी मनात साठविली आणि त्यांतून पुढे किती निर्माण केले, हे संगीतातील जाणकार सांगतील. त्यांनी ऋतूंवर जे कार्यक्रम बसविले त्यांत 'गीत वसंत' हा एक होता. आम्हा मुलांस एवढेच कळे की त्या घराजवळ आले की मामा आम्हांस आवाज खाली करावयास लावीत.

पुढे मीठा तलाव लागे. मराठी माणसास या नावाने तोंडात खारट चव येते, पण हे हिंदीतील मीठे, म्हणजे गोड पाणी. काठावर पवारांच्या छत्र्या आहेत. आम्ही तेथून वळून शेतांतून, सुमारे तीन किलोमीटरवरील बिलावलीच्या महाकालेश्वरापर्यंत जात असू. या वाटेवर पाच विहिरी होत्या. मी आकडा निश्चित सांगतो, कारण प्रत्येक विहिरीवर थांबून पाणी पिणे हा मामांचा परिपाठ होता आणि गाळावयाचे फडके त्यांच्या खांद्यावरच असे. प्रत्येक विहिरीवर एक आंबा नाहीतर जांभूळ, एकीवर मोट चाले, दुसरीवर नुकतेच ऑइल इंजिन बसले होते. फाल्गुनात दहा-पंधरा हातांवर पाणी दिसे. शेतकरी हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून होळा करीत. राखेतून दाणे वेचताना हात काळे, तोंड काळे, आणि सूर्य कलू लागताच मामांची हाक, कारण सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावयाचे. होळा खाऊन भूक मेलेली असे. जेवण नाममात्र होई.

ज्या भूमीत पावलोपावली पाणी अशी ख्याती, तेथे 1990 साली देवास शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले. त्यावेळी मी तेथे गेलो होतो. पाचांपैकी एकाही विहिरीत पाणी नव्हते. नलिकाकूप शेकडो फूट खाली गेले होते आणि विहिरी नुसत्या कोरड्या खोल खड्ड्यांसारख्या उभ्या होत्या. कारणे अनेक: कारखाने आले, गाव वाढले, पाऊस हुकला. परंतु दुबार पिकाचा आणि उपशाचा वाटा त्यांत मोठा होता, आणि त्या दुबार पिकाचे पोते आमच्याच काट्यावर चढत होते, ही गोष्ट धान्याच्या व्यापाऱ्याने तरी विसरू नये.

त्यानंतरची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. 2006 पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीचा एक भाग देऊन, स्वखर्चाने अगर बँकेचे कर्ज काढून, शेतातच तळी खोदली. टोंकखुर्द भागात या कामाने जोर धरला. तळ्यांस 'रेवासागर' म्हणत आणि ती खोदणाऱ्यास 'भागीरथ कृषक'. काही वर्षांत जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. विशेष म्हणजे आरंभी गळ घातली ती मोठ्या जमीनदार शेतकऱ्यांना. ज्याने जास्त उपसले त्याने आधी भरावे, हा हिशेब मला फार पटला. उधारी अशीच वसूल होते. 2014 साली नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजनाही सुरू झाली, पण ते दुरून आणलेले पाणी. तळ्याचे पाणी घरचे.

यंदा मी मामेभावाबरोबर तीच वाट चालावयास निघालो. पाचांपैकी दोन विहिरींत पाणी आहे. एक बुजवून तीवर घरे झाली आहेत, एकीत कचरा आहे, आणि एकीचे तोंड लोखंडी जाळीने बंद आहे. पाणी असलेल्या एका विहिरीवरील जांभूळ जिवंत आहे. गव्हाची कापणी पूर्वी विळ्याने आठवडे चाले, आता यंत्र एका दुपारी शेत रिकामे करते. ज्यांस धुळवडीनंतर जावयाचे असेल त्यांना पुष्कळदा पेटविलेल्या नरवाईची काळी शेतेच पाहावी लागतील.

तिसऱ्या विहिरीपुढे वाट संपली. भूखंड पाडून विकणाऱ्या कोणी एकाने वाटेवर आडवे तारेचे कुंपण घातले आहे. पलीकडे शेत असलेला एक वृद्ध शेतकरी कुंपणाशी उभा होता. मी विचारले तेव्हा तो मालवीत म्हणाला, "सेठसाब, रस्तो तो अबे कागद में हे." त्याच्या बोलण्यात उपहास होता, परंतु मी व्यापारी असल्यामुळे कागद हा शब्द मनात अडकला. कागदात असेल तर ती जिंदगी बुडालेली नव्हे.

घरी येऊन वकिलाकडून समजून घेतले ते येथे देतो, कारण आपल्यापैकी अनेकांची शेती आहे. मध्यप्रदेश भूराजस्व संहिता, 1959 हिच्या कलम 242 अन्वये प्रत्येक गावाच्या 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात वाटेचे व पाण्याचे रूढ हक्क नोंदवावयाचे असतात. शेतात वा कुरणात जाण्याच्या वाटेविषयी तंटा झाल्यास कलम 131 प्रमाणे तहसीलदाराने स्थानिक चौकशी करून, पूर्वीची वहिवाट आणि सर्व पक्षांची सोय पाहून निकाल द्यावयाचा असतो. यासाठी मोठा दावा नको, साधा अर्ज पुरतो. मात्र वहिवाट सिद्ध करावयास ती वाट चाललेली माणसे लागतात. ज्यांनी ती वाट मुलपणी चालली ते आता साठीच्या पुढे आहेत; आणखी वीस वर्षांनी साक्ष द्यावयास कोणी राहणार नाही.

मालाचे भाव 2016 पासून ई-नामवर दिसतात, मोबाइलवर देशभरच्या आवकेचा आकडा येतो, आणि मी तो रोज पाहतो. तरीही ज्यांस या वाटा चालावयाच्या असतील त्यांच्यासाठी थोडी माहिती. वसंतपंचमी ते होळी हा काळ उत्तम. धारेस मुंजसागराकडून सूर्योदयास निघावे म्हणजे तटावर असताना ऊन पाठीशी राहते. जोडे जाड तळाचे घालावेत. बाभळीचा काटा चपलेस जुमानत नाही. ओंबी विचारून घ्यावी. देवासला तूर्त तिसऱ्या विहिरीपर्यंतच जाता येते. शेतकऱ्यांनी कुंपणात एक फट केली आहे, तीतून मोकळा माणूस जातो, डोक्यावर भारा घेतलेली बाई जात नाही. अर्ज दिलेला आहे. त्यावर त्या वृद्धाचा अंगठा, इतर आठ जणांच्या सह्या आणि वहिवाटीचे साक्षीदार म्हणून माझे व मामेभावाचे नाव आहे. सुनावणीची तारीख वैशाखात लागली आहे.